भाजलेल्या पेशंटचा दवाखाना बदलताय? ‘कल्चर’चा रिपोर्ट सोबत घ्या

बेळगाव : मोठ्या प्रमाणात भाजलेला माणूस पहिले दोन-तीन दिवस बऱ्याचदा शुद्धीवर असतो. बोलतो, पाणी मागतो, घरच्यांना ओळखतो. नातेवाईकांना वाटतं, निभावलं. मग पाचव्या-आठव्या दिवशी ताप चढतो, किंवा उलट अंग गार पडतं. बोलणं असंबद्ध होतं, लघवी कमी होते आणि वॉर्डातून निरोप येतो की इन्फेक्शन रक्तात गेलंय. एवढी महागडी इंजेक्शनं चालू असताना हे झालं कसं, असा प्रश्न बाहेर बाकावर बसलेल्या प्रत्येकाला पडतो. दवाखान्याचा निष्काळजीपणा, असं म्हणून आपण मोकळे होतो. कधी तो असतोही. पण सगळी गोष्ट तेवढीच नाही.

आपल्याकडे भाजण्याची कारणं काही नवीन नाहीत. गॅस, स्टोव्ह, अंघोळीचं कढत पाणी, गुऱ्हाळाच्या काहिलीतला उकळता रस, उसाचा पाला पेटवताना उलटलेला वारा, दिवाळीचे फटाके. उपचाराचा रस्ता मात्र खास सीमाभागातला आहे. निपाणीहून कोल्हापूर ४० किलोमीटरच्या आसपास आणि बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. त्यामुळे निपाणी-चिकोडीकडचा पेशंट कोल्हापूरच्या सीपीआरला किंवा मिरजेला जातो. चंदगड, गडहिंग्लज, सावंतवाडीकडचा बेळगावच्या सिव्हिलला नाहीतर केएलईला येतो. आधी गावातला दवाखाना, मग तालुक्याचा, मग राज्य ओलांडून तिसरा. आठवड्यात तीन खाटा बदललेले पेशंट इथे नवलाचे नाहीत. प्रत्येक खाटेवर जंतूंची भर पडू शकते, हे मात्र आपल्या गावीही नसतं.

जखमेत जंतू येतात कुठून?

भाजल्यानंतर लगेच त्या जागी जंतू जवळजवळ नसतात, आगीनेच ते मेलेले असतात. पण केसांच्या मुळाशी आणि घामाच्या ग्रंथींत खोलवर राहिलेले जंतू, मुख्यतः स्टॅफिलोकोकस, दोन दिवसांत वर येतात. आठवडाभरात दुसरी टोळी येते. त्यातले काही पेशंटच्याच आतड्यातले, काही दवाखान्यातले. स्यूडोमोनास हा ओलाव्यात राहणारा जंतू. बेसिन, नळ, ओली फडकी हे त्याचं घर. पट्टीवर हिरवट-निळसर पू आणि गोडसर वास आला की अनुभवी नर्स रिपोर्ट यायच्या आधीच त्याला ओळखते. ॲसिनेटोबॅक्टर त्याच्या उलट. कोरड्या जागीही, म्हणजे खाटेची दांडी, गादी, यंत्राचं बटण, अशा ठिकाणी तो कित्येक आठवडे तग धरतो. पेशंटला ‘जरा बोल’ म्हणून आपण देतो तो मोबाईलही त्यातच धरा.

भाजून मेलेली कातडी म्हणजे जंतूंना आयतं ताट. शिवाय त्या कातडीत रक्तपुरवठा उरलेला नसतो, म्हणजे सलाईनमधून दिलेलं औषध तिथपर्यंत पोचतच नाही. भाजलेल्या शरीराची प्रतिकारशक्ती खाली गेलेली असते. मूत्रपिंडं बऱ्याचदा औषध लवकर बाहेर टाकतात, त्यामुळे नेहमीचा डोसही कमी पडू शकतो. म्हणून औषधाला दाद न देणारा जंतू बर्न वॉर्डात जितका घातक ठरतो, तितका तो साध्या जखमेत ठरत नाही.

दाद न देणं म्हणजे नेमकं काय? काही जंतू औषध तोडणारं रसायन तयार करतात. काही औषध आत येण्याचा दरवाजा अरुंद करतात, काही आत आलेलं औषध पंपासारखं बाहेर फेकतात. सगळ्यात वाईट म्हणजे ही विद्या एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देतो. आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर ही उसनवारी आहे, आणि तिची वही कुणाकडे नाही. मेरोपेनेमसारखं भारी औषधही निकामी झालं की उरतं ते कोलिस्टिन. १९७० च्या दशकात मूत्रपिंडाला त्रास होतो म्हणून जवळपास बाजूला ठेवलेलं हे औषध पुन्हा काढावं लागलं आहे. हेच कोलिस्टिन कोंबड्यांच्या खाद्यात मिसळलं जायचं. त्यावर केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली.

‘लॅन्सेट’मध्ये २०२२ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंमुळे झाले. हा आकडा सगळ्या आजारांचा आहे, फक्त भाजलेल्यांचा नाही.

दिल्लीतला जंतू स्वीडनला

जंतू पेशंटबरोबर सरहद्द कशी ओलांडतो याचं गाजलेलं उदाहरण आपल्याच देशाशी जोडलेलं आहे. भारतीय वंशाचा एक स्वीडिश नागरिक दिल्लीत दवाखान्यात दाखल होता. तो परत गेल्यावर, २००८ मध्ये, त्याच्या लघवीच्या तपासणीत क्लेब्सिएला जंतू सापडला. त्यात मेरोपेनेमच्या गटातली औषधं तोडणारं नवंच रसायन होतं. त्याला ‘एनडीएम-१’ म्हणजे न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज असं नाव पडलं आणि २०१० मध्ये त्यावरून मोठं वादळ झालं. शहराचं नाव जंतूला का, हा आपल्याकडचा राग समजण्यासारखा होता. पण दुसरी बाजू अशी की तिकडे तपासलं म्हणून सापडलं. नेदरलँड्समध्ये परदेशी दवाखान्यात राहून आलेल्या पेशंटला तपासणीचा निकाल येईपर्यंत वेगळं ठेवतात. त्याने किंवा डॉक्टरने चूक केली म्हणून नव्हे. सोबत काय आलंय ते कळावं म्हणून.

आपल्याकडे कोगनोळीचा टोलनाका ओलांडताना पेशंटसोबत काय जातं? एक्स-रेची पिशवी, बिलं, आधार कार्ड, रेशन कार्ड. ‘कल्चर अँड सेन्सिटिव्हिटी’चा रिपोर्ट बऱ्याचदा मागेच राहतो. कधी तो तयार व्हायच्या आतच पेशंट हललेला असतो, कारण जंतू वाढवून त्यावर औषधं तपासायला दोन-तीन दिवस लागतात. मग नवीन दवाखान्यात शून्यापासून सुरुवात. तोवर अंदाजाने औषध, आणि मोठ्या भाजलेल्या पेशंटला अंदाजाचे हे दोन दिवस फार महाग पडू शकतात.

म्हणून पेशंट हलवताना तीन गोष्टी मागून घ्या. जखमेचं किंवा रक्ताचं कल्चर पाठवलं होतं का आणि कधी. रिपोर्ट आला नसेल तर लॅबचा नंबर, म्हणजे नवीन डॉक्टरांना फोन करता येईल. आणि आतापर्यंत कुठलं अँटिबायोटिक, किती दिवस दिलं त्याची चिठ्ठी. फलक कन्नडमध्ये असो की मराठीत, हा रिपोर्ट दोन्हीकडे साधारण इंग्रजीतच असतो, त्यामुळे भाषेचा वाद इथे तरी आड येत नाही. औषधाच्या नावापुढे ‘एस’ असेल तर जंतू त्याला दाद देतो, ‘आर’ असेल तर देत नाही. एवढं कळलं तरी पुरे, पुढचं डॉक्टरांवर सोडा. जखमेवर जंतू सापडला म्हणजे इन्फेक्शन झालंच असंही नाही. ताप, रक्त, जखमेचा रंग हे सगळं बघून ते ठरवतात.

‘भारीतलं इंजेक्शन द्या’

भाजलेला पेशंट आणला की आपलं पहिलं वाक्य ठरलेलं : ‘डॉक्टर, भारीतलं इंजेक्शन द्या, पैशाचं बघू नका.’ यामागची माया खरी आहे, पण ही मागणी उलटू शकते. इन्फेक्शन नसताना, ते होऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून सरसकट शिरेतून अँटिबायोटिक द्यावं, अशी शिफारस आता नाही. त्याने साधे जंतू मरतात आणि दाद न देणाऱ्यांना रान मोकळं मिळतं. डॉक्टर म्हणाले की सध्या गरज नाही, तर ते पैसे वाचवत नाहीत, पुढच्या आठवड्यासाठी औषध राखून ठेवतायत.

मेडिकल दुकानातून मनानेच गोळ्या आणणं हा त्याचाच धाकटा भाऊ. सेफिक्झिमसारख्या कितीतरी गोळ्या ‘शेड्यूल एच-१’ यादीत आहेत. २०१४ पासून दुकानदाराने डॉक्टर आणि पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं ठेवायचं असतं. ‘दोन दिवसांच्या द्या’ म्हणणारं गिऱ्हाईक हे रजिस्टर लिहून घेतं का, तुम्हीच बघा.

भाजल्या भाजल्या करायचं काम साधं आहे. वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी, बर्फ नाही. अंगठ्या-बांगड्या सूज यायच्या आत काढा. शाई, टूथपेस्ट, हळद, तेल काही लावू नका, स्वच्छ कापड टाकून दवाखाना गाठा.

खर्चाचं बोलायचं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये घेतला आणि कर्नाटकने त्यावर आक्षेप घेतला. राजकारण चालू राहील. पेशंट मात्र आधीपासूनच दोन्हीकडे जात आहेत.

औषधं हरायला लागली की खरा उपाय उरतो तो जखम बंद करण्याचा. मेलेली कातडी लवकर काढायची आणि वर त्वचा बसवायची. म्हणजे जंतूंचं ताटच उचललं जातं. पण अर्ध्याहून जास्त अंग भाजलं असेल तर स्वतःची कातडी पुरत नाही. तिथे दान केलेली त्वचा लागते. ती कायमची रुजत नाही, पण काही आठवडे झाकण म्हणून काम करते आणि तेवढ्यात पेशंट तग धरतो. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने २००० मध्ये त्वचा बँक सुरू झाली. आता बेळगावात केएलईच्या डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालयातही रोटरीच्या मदतीने अशी बँक आहे.

त्वचादानाबद्दल भीती जास्त आणि माहिती कमी. मांड्या, पाय, पाठ इथला कागदासारखा पातळ वरचा थरच काढतात. रक्तगट जुळावा लागत नाही. एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी, त्वचेचा कर्करोग असेल तर घेत नाहीत. ग्लिसरॉलमध्ये, थंडाव्यात ही त्वचा पाच वर्षांपर्यंत टिकते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत कळवावं लागतं. नेत्रदानाची वेळही साधारण तेवढीच, त्यामुळे त्या फोनवरच त्वचेचंही विचारता येतं.