कोटातलं पीफास
बंगळुरूत कापडधंद्यात असल्याने नवं कापड हाती आलं की मी आधी त्यावर पाण्याचा थेंब टाकते. अग्निशमन जवानाच्या कोटावरून तो टपोरा घरंगळतो. ही करामत बहुधा पीफास या फ्लोरिनयुक्त रसायनांची. त्यांतली कार्बन-फ्लोरिनची जोडी निसर्गात सहजी तुटत नाही. गंमत म्हणजे आगीशी झुंजतो तो कोटाचा अरामिड धागा. पीफास लागतं पाणी-तेल अडवायला. बिनफ्लोरिनचे लेप पाणी अडवतात, तेलापुढे मात्र हात टेकतात. कोटाच्या थरांमधला जलरोधक पडदा मात्र पीफासऐवजी पॉलियुरेथेनचाही होतो.

जवानांना धोका आधीच कमी नाही: 2022मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशमनाचं कामच कर्करोगकारक ठरवलं. मॅसॅच्युसेट्समध्ये 2027पासून मुद्दाम पीफास घातलेल्या अग्निशमन पोशाखांच्या विक्रीला बंदी आहे. कार्लटन टॉवर्स या इमारतीची 2010ची आग पाहिलेल्या बंगळुरूनेही कोटांच्या निविदेत ‘पीफासविरहित’ हा शब्द घालावा.