केयाची साल

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यासाठी वर्षानुवर्षं शिलालेख वाचले गेले, पोथ्या चाळल्या गेल्या. त्याच जुनेपणाचा एक पुरावा अकोला-अमरावतीच्या बाजारात फळांच्या हातगाडीवर ऐकू येतो आणि पुण्या-मुंबईची माणसं त्याला हसतात. ‘केयाची साल’ या दोनच शब्दांत तो सापडतो. केळ्यातल्या ‘ळ’चा ‘य’ झाला, सालीतला ‘ल’ मात्र जागचा हलला नाही. आभाळाचं आभाय, डोळ्याचा डोया, पोळ्याचा पोया, उन्हाळ्याचा उन्हाया. पण तेलाचं कधी तेय होत नाही, फुलाचं फूय होत नाही.

वऱ्हाडी जीभ आळशी, तिला ‘ळ’ जड जातो, असं स्पष्टीकरण सर्रास दिलं जातं. त्यात थोडं तथ्य आहे. ‘ळ’साठी जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागावं लागतं; तो स्पर्श सुटला की उरणारा ध्वनी ‘य’कडे झुकू शकतो. पण आळस असा निवडक नसतो. नुसता गलथानपणा असता तर कधी ‘ल’ही घसरला असता, कधी ‘ळ’ वाचला असता. इथे मात्र अस्सल वऱ्हाडी बोलणारा, व्याकरणाचं पुस्तक न उघडता, कुठला शब्द बदलायचा आणि कुठला नाही हे अचूक जाणतो. मग ही वाटणी केली कुणी?

उत्तर प्राकृतात आहे. संस्कृतातल्या दोन स्वरांमध्ये आलेल्या एकेरी ‘ल’चा मराठीत ‘ळ’ झाला: फल-फळ, काल-काळ, शालि-साळ. जिथे प्राकृतात ‘ल्ल’ असं द्वित्व होतं, तिथे ‘ल’ टिकला: फुल्ल-फूल, गल्ल-गाल, तेल्ल-तेल, छल्ली-साल. (मराठीत ‘ळ’ने सुरू होणारा शब्द का नाही, हे कोडंही इथेच सुटतं, शब्दाच्या आरंभी तो दोन स्वरांमध्ये येणार कसा?) प्राकृतातलं ते द्वित्व केव्हाच गेलं, पण त्याची खूण ‘ल’ आणि ‘ळ’ यांच्या फरकात राहिली. प्रमाण हिंदीने तो फरक पुसला: तिथे फल आणि फूल दोन्हींत एकच ‘ल’. वऱ्हाडीने ‘ळ’चा वेष बदलला, पण ‘ल’शी त्याची सरमिसळ होऊ दिली नाही. साल आणि साय (म्हणजे साळ) आजही वेगळेच.

आक्षेप असा येईल, की मग भाताची साय आणि दुधाची साय एक झाली, त्याचं काय? आक्षेप खरा आहे. गाळ आणि गाय, माळ आणि माय, काळ आणि काय या जोड्या वऱ्हाडीत कानाला सारख्याच लागतात. तेवढं वऱ्हाडीने गमावलं आहे आणि प्रमाण मराठीने राखलं आहे. पण विहिरीतला गाय उपसताना कुणी दावं शोधत नाही. स्पॅनिशमध्येही हेच झालं. ‘पोल्यो’ म्हणजे कोंबडीचं मांस आणि ‘पोयो’ म्हणजे दगडी कट्टा. आज बहुतेक स्पॅनिश भाषक दोन्ही शब्द सारखेच उच्चारतात. माद्रिदच्या माणसाला त्यावरून कुणी अडाणी म्हणत नाही. खानदेशात अहिराणीनेही ‘डोया’च केला, तेव्हा ही एकट्या वऱ्हाडाची खोडही नव्हे.

शाळेत ‘आभाळ’ असंच लिहायला शिकवावं, याबद्दल वाद नाही. ‘आभाय’ला अशुद्ध म्हणणं मात्र चूक आहे, नियमाने झालेला बदल अशुद्ध ठरत नाही. पटत नसेल तर घरातल्या वऱ्हाडी आजीला बोलतं करा आणि तिच्या तोंडी फळ, केळ, आभाळ, तेल, फूल, गाल हे सहा शब्द कसे येतात ते ऐका. पहिल्या तिन्हींत ‘य’ ऐकू येईल. पुढच्या तिन्हींपैकी एकातही आला, तर हा लेख खुशाल रद्दीत टाका.