साखरेचा करार आणि कायद्याचा विद्यार्थी

मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत ज्यांचे पूर्वज राबले, त्या घराण्यांस करार हा शब्द नवा नाही. १८३४ साली ‘अ‍ॅटलस’ जहाजाने कलकत्त्याहून ३६ मजूर या बेटावर उतरले, ते पाच वर्षांच्या मुदतीच्या आणि दरमहा पाच रुपये वेतनाच्या करारावर. पुढे मुंबई बंदरातून आलेल्या मराठी मजुरांचा प्रवासही अशाच कागदावर आरंभला. त्यातील कलमे बहुतेकांस वाचता येत नव्हती. एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांचे वेतन कापण्याची रीत किती जाचक आहे, हे मळ्यात राबतानाच उमगले.

त्यांचा पणतू आज आंतरराष्ट्रीय व्यापाराचा कायदा शिकू लागला, तर त्याच्याही पुढ्यात प्रथम करारच येतो. या विषयाचे नाव भारदस्त आहे खरे. परंतु मॉरिशसच्या विद्यार्थ्यास तो आपल्या साखरेच्या पोत्यापासूनच शिकता येईल.

१९७५ साली टोगोची राजधानी लोमे येथे आफ्रिका, कॅरिबियन व प्रशांत महासागरातील राष्ट्रांनी युरोपीय समुदायाशी करार केला. त्यासोबतच्या साखरेच्या मसुद्यान्वये युरोपने ठरावीक साखर हमीभावाने ‘अनिश्चित काळपर्यंत’ घेण्याचे मान्य केले. त्यात सर्वांत मोठा वाटा मॉरिशसचा होता, वर्षाला सुमारे पाच लाख टनांचा. हमीभाव मोजावयाचा तो युरोपच्या बंदरातील ‘सी.आय.एफ.’ भावाने. म्हणजे बोटीचे भाडे आणि विमा विकणाऱ्याच्या माथी. तीन अक्षरांत पोर्ट लुईपासून लंडनपर्यंतचा खर्च सामावतो, हा या विद्येचा पहिला धडा होय.

दुसरा धडा अधिक महागाचा ठरला. युरोप बाहेरून घेतलेल्या साखरेइतकीच साखर अनुदान देऊन पुन्हा जगात विकत असे. जागतिक व्यापार संघटनेपुढे दिलेल्या आपल्या वचनपत्रात त्याने एक तळटीप घातली होती : या राष्ट्रांच्या आणि भारताच्या साखरेइतकी, सुमारे १६ लाख टन, निर्यात आपल्या मर्यादेत धरू नये. ऑस्ट्रेलिया, ब्राझील व थायलंड यांनी हे आव्हानिले. मॉरिशसनेही तिसरा पक्ष म्हणून आपली बाजू मांडली. परंतु २००५ साली अपील मंडळाने निर्णय दिला, की तळटीप मूळ करारातील बंधनावर मात करू शकत नाही. बेटावरच्या कोणाही शेतकऱ्याने ती तळटीप पाहिली नव्हती. पण तिचा आधार तुटताच त्याच्या घरातला हिशेब बिघडला. युरोपने कच्च्या साखरेचा भाव टनास ५२३.७ युरोंवरून टप्प्याटप्प्याने ३३५.२ वर आणला. ही घट शेकडा ३६ इतकी होती. अनेक लहान शेतकऱ्यांनी ऊस सोडला.

आणि ‘अनिश्चित काळपर्यंत’ या शब्दांचे काय झाले? त्याच मसुद्याच्या दहाव्या कलमात दोन वर्षांची सूचना देऊन बाहेर पडण्याची मुभा होती. युरोपने २००७ च्या सप्टेंबरात सूचना दिली आणि २००९ च्या सप्टेंबरअखेर हमी संपली. पहिले कलम वाचून निश्चिंत झालेल्यास दहावे कलम नडले!

मॉरिशसच्या विद्यार्थ्याची एक सोय मात्र इतरांस हेवा वाटावा अशी आहे. १८१० साली इंग्रजांनी बेट घेतले, तरी फ्रेंच कायदे चालू राहिले. त्यामुळे येथे फ्रेंच नागरी संहिता आणि इंग्रजी न्यायपद्धती शेजारी नांदतात, आणि अंतिम अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते. दोन कायद्यांची भाषा ज्यास अवगत, त्यास परदेशी व्यापाऱ्यांच्या तंट्यात काम करणे सुकर होते. २००८ साली देशाने आंतरराष्ट्रीय लवादाचा स्वतंत्र कायदाही केला आहे.

भारताशी मॉरिशसने २२ फेब्रुवारी २०२१ रोजी सही केलेला आर्थिक भागीदारीचा करार त्याच वर्षी १ एप्रिलपासून अमलात आला. आफ्रिकेतील देशाशी भारताने केलेला असा हा पहिलाच करार. विशेष प्रतीच्या साखरेस त्यात सवलत आहे; परंतु ती मिळण्यासाठी माल मॉरिशसचाच असल्याचे त्यातील मूळ-देशाच्या नियमांप्रमाणे दाखवावे लागते. ते नियम मुख्य सवलतीच्या कलमात नाहीत. त्यांसाठी पुढची पाने उलटावी लागतात.