पाश्चात्त्य संगीताची मूलतत्त्वे : बारा स्वर आणि फिरता षड्ज

म्हैसूर शहरात जयलक्ष्मीपुरमच्या नजीक, मानसगंगोत्री या विद्यापीठाच्या आवारात, जयलक्ष्मीविलास नावाचा प्रासाद आहे. राजकन्या जयलक्ष्मम्मण्णी यांच्यासाठी तो १९०५ साली बांधण्यात आला. त्यांचे भाचे जयचामराजेंद्र वडियार (१९१९–१९७४) हे म्हैसूरचे अखेरचे महाराज. पियानोचे शिक्षण घेतलेल्या या महाराजांना लंडनच्या गिल्डहॉल संगीतविद्यालयाची पदविका मिळाली होती, आणि १९४८ साली ते तेथील फिलहार्मोनिया कॉन्सर्ट सोसायटीचे पहिले अध्यक्ष झाले. २२ मे १९५० रोजी रिचर्ड स्ट्राऊस या जर्मन संगीतकाराची अखेरची चार गीते लंडनमध्ये प्रथमच गायिली गेली. त्या कार्यक्रमाच्या खर्चाची हमी याच महाराजांनी दिली होती. त्यांनीच कर्नाटक पद्धतीच्या ९४ कृतीही रचल्या. एकाच रसिकाला दोन्ही संगीते आपलीशी वाटू शकतात, हे यावरून दिसते. परंतु दोहोंची घडण भिन्न आहे. ती भिन्नता समजून घेण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. शाळेतील हार्मोनियम पुरेसा आहे.

बारा पट्ट्या

हार्मोनियमच्या एका सप्तकात सात पांढऱ्या व पाच काळ्या अशा बारा पट्ट्या असतात. एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतचे अंतर म्हणजे अर्धस्वर. असे दोन अर्धस्वर मिळून एक पूर्णस्वर होतो. पांढरी एक हा सा मानून पांढऱ्या पट्ट्या क्रमाने वाजवल्या, तर पूर्ण, पूर्ण, अर्ध, पूर्ण, पूर्ण, पूर्ण, अर्ध अशी अंतरे मिळतात. पाश्चात्त्य संगीतात या मालिकेस मेजर स्केल म्हणतात. आपल्याकडे तोच बिलावल थाट, आणि म्हैसूरच्या गवयाचा शंकराभरण मेळ. त्याच पट्ट्या पांढरी सहापासून वाजवल्या, की मायनर स्केलचा मूळ प्रकार मिळतो. त्याचे स्वर आपल्या आसावरी थाटाचे आहेत. तेव्हा येथवर नवे असे काही नाही, केवळ नावे निराळी आहेत.

एकत्र वाजणारे स्वर

नवेपण पुढच्या पायरीवर येते. आपल्या संगीतात स्वर एकामागून एक येतात आणि त्यांच्या क्रमातून राग उभा राहतो. पाश्चात्त्य संगीतात अनेक स्वर एकाच वेळी उच्चारले जातात. सा, ग आणि प या तीन पट्ट्या एकदम दाबाव्या. जो नाद निघतो त्यास मेजर कॉर्ड म्हणतात. यात सा व ग यांच्यात चार आणि ग व प यांच्यात तीन अर्धस्वरांचे अंतर आहे. शुद्ध गांधाराऐवजी कोमल गांधार घेतला, की हा क्रम उलटतो व मायनर कॉर्ड होतो. एका पट्टीच्या फरकाने नादाचा रंग पालटतो.

असे स्वरगुच्छ एकामागून एक ठेवण्याच्या शास्त्रास हार्मनी म्हणतात. प, नी व वरचा रे हा गुच्छ वाजवून थांबले, तर कानाला काहीतरी अपुरे राहिल्यासारखे वाटते; लगेच सा, ग, प वाजवला, की विसावा मिळतो. आवर्तन समेवर आले म्हणजे जे समाधान वाटते, त्याच्याशी याचे नाते आहे.

अनेक वादकांनी निरनिराळे स्वर नेमक्या क्षणी वाजवावयाचे, तर ते लिहून ठेवणे भाग पडते. यासाठी पाच आडव्या रेषा आखतात. रेषेवर किंवा दोन रेषांमधील जागेत मांडलेले चिन्ह जितके वर, तितका स्वर उंच. पोकळ चिन्ह दीर्घकाळाचे. त्यास दांडी जोडली की काल निम्मा होतो, पोट भरले की आणखी निम्मा, आणि दांडीला शेपूट लावले की त्याच्याही निम्मा. डावीकडून उजवीकडे काल पुढे सरकतो. एकाखाली एक मांडलेली चिन्हे एकाच वेळी वाजतात.

षड्ज हलतो तेव्हा

आपल्या मैफलीत तंबोरा आरंभापासून अखेरपर्यंत एकच षड्ज देतो. पाश्चात्त्य रचनेत मात्र वाटेत षड्जच बदलतो. पांढरी एकवरून निघालेली रचना पांढरी पाचला सा मानू लागते. मग शुद्ध निषादासाठी काळी तीन घ्यावी लागते, बाकीच्या पट्ट्या पूर्वीच्याच राहतात. या स्थलांतरास मॉड्युलेशन म्हणतात. मोठ्या रचनेतील नाट्य पुष्कळदा घर सोडून परतण्याच्या या प्रवासातच असते.

या स्वातंत्र्याची किंमत मात्र द्यावी लागते. आपल्या ग्रंथांतील प्रथेप्रमाणे मध्य सा ची आंदोलने सेकंदाला २४० धरू. शुद्ध गांधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ३००. या गांधारास सा मानून त्याचा गांधार घेतला, तर ३७५. त्याचाही गांधार ४६८·७५. बारा पट्ट्यांच्या हिशेबाने ही तिसरी पायरी तार षड्जावर, म्हणजे ४८० वर, पडावयास हवी. ती सव्वाअकरा आंदोलनांनी कमी पडते. कोणतीही पट्टी सा व्हावयाची असेल, तर ही तूट सर्वांत वाटून द्यावी लागते. म्हणून सप्तकाचे बारा अगदी समान भाग केले जातात. तसे केल्यावर पंचम ३६० ऐवजी सुमारे ३५९·६ होतो, हे कानाला जाणवत नाही. पण गांधार ३०२·४ होतो, आणि तो सुरेल कानाला खुपतो.

म्हणूनच कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडणारा ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध केला, आणि ई. क्लेमेंट्स यांच्यासह श्रुती-हार्मोनियमचा पुरस्कार केला. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमला मज्जाव केला. हा निर्बंध १९७१ नंतर सैल झाला. हार्मोनियमवरील आक्षेपांत हे समान बारा भाग हा एक प्रमुख आक्षेप होता.

कोणत्याही शाळेत हा प्रयोग करून पाहता येईल. तंबोऱ्याचा षड्ज हार्मोनियमच्या सा शी मिळवावा. खर्जाची तार छेडून शांतपणे ऐकले, तर तिच्यातून स्वयंभू गांधार उमटतो. त्याच वेळी हार्मोनियमचा तोच गांधार धरावा. दोन नादांत एक हलका कंप ऐकू येईल. समान भागांसाठी जे सोडले, ते त्या कंपात ऐकू येते. नंतर तंबोरा बाजूस ठेवून स्वरगुच्छ वाजवावे आणि षड्ज एका पट्टीवरून दुसरीवर न्यावा. जे मिळवले, ते तेथे ऐकू येईल. दोन्ही ऐकल्यावाचून यांपैकी एका संगीतास उणे लेखू नये.