लघुगणकी फलन

लघुगणकी फलन (लॉगरिथमी फलन) हे घातांकी फलनाचे व्यस्त फलन होय. एखादी धन संख्या दिलेल्या पायाच्या कितव्या घाताएवढी आहे, हे या फलनाने कळते. उदाहरणार्थ, २ चा तिसरा घात ८ आहे, म्हणून २ या पायावर ८ चा लघुगणक ३ आहे. लघुगणकामुळे गुणाकाराचे रूपांतर बेरजेत, भागाकाराचे वजाबाकीत आणि घाताचे गुणाकारात होते. सतराव्या शतकात आकडेमोड सुकर करण्याचे साधन म्हणून लघुगणक प्रचारात आले. आज चक्रवाढ व्याज, किरणोत्सारी ऱ्हास, भूकंपाची महत्ता, ध्वनीची पातळी, द्रावणाची आम्लता अशा अनेक ठिकाणी लघुगणकी समीकरणे व असमता वापरल्या जातात.

ही समीकरणे सोडवताना केवळ बीजगणितातील रूपांतरे पुरेशी नसतात. लघुगणक फक्त धन संख्यांचाच असतो, आणि पाया १ पेक्षा लहान असल्यास असमतेची दिशा उलटते. या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष झाल्यास खोट्या उकली मिळतात किंवा खऱ्या उकली हातातून निसटतात.

## व्याख्या व लेखनपद्धती

अ ही १ खेरीज कोणतीही धन संख्या असून अ^य = क्ष असेल, तर य ला अ या पायावरील क्ष चा लघुगणक म्हणतात आणि तो लॉग_अ(क्ष) = य असा लिहितात. येथे '^' ही खूण घात दाखवते आणि 'लॉग' नंतर खाली जोडलेली संख्या पाया दाखवते.

- लॉग_२(८) = ३, कारण २^३ = ८
- लॉग_१०(०.०१) = −२, कारण १०^(−२) = ०.०१
- लॉग_अ(१) = ०, कारण अ^० = १
- लॉग_अ(अ) = १, कारण अ^१ = अ

पाया १ घेता येत नाही, कारण १ चा कोणताही घात १ च असतो. ऋण पायाचे सर्व वास्तव घात वास्तव संख्यांत मिळत नाहीत, म्हणून पाया धन घेतात. धन पायाचा कोणताही वास्तव घात धनच असतो. त्यामुळे शून्याचा किंवा ऋण संख्येचा लघुगणक वास्तव संख्यांत अस्तित्वात नसतो.

१० या पायावरील लघुगणकास *सामान्य लघुगणक* म्हणतात. ई (सुमारे २.७१८२८) या अपरिमेय संख्येच्या पायावरील लघुगणकास *नैसर्गिक लघुगणक* म्हणतात. उच्च गणितात व भौतिकीत नैसर्गिक लघुगणक अधिक वापरला जातो, तर संगणकशास्त्रात २ हा पाया सोयीचा ठरतो.

## फलनाचे स्वरूप

लघुगणकी फलनाचा प्रांत सर्व धन वास्तव संख्यांचा असतो आणि त्याचे मूल्य कोणतीही वास्तव संख्या असू शकते. पाया कोणताही असला तरी आलेख (१, ०) या बिंदूतून जातो. य-अक्ष ही आलेखाची अनंतस्पर्शी रेषा असते, म्हणजे क्ष शून्याच्या जवळ जाऊ लागला की आलेख त्या अक्षाला अधिकाधिक जवळ येतो, पण त्यास कधीच मिळत नाही. लघुगणकी आणि घातांकी फलनांचे आलेख य = क्ष या रेषेच्या दोन बाजूंस एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे असतात.

- पाया १ पेक्षा मोठा असल्यास फलन सतत वाढते असते. मोठ्या संख्येचा लघुगणक मोठा असतो.
- पाया ० आणि १ यांच्या दरम्यान असल्यास फलन सतत घटते असते. मोठ्या संख्येचा लघुगणक लहान असतो.

दोन्ही प्रकारांत वेगवेगळ्या संख्यांचे लघुगणक वेगवेगळेच असतात. समीकरणाच्या दोन्ही बाजूंवरील समान पायाचे 'लॉग' काढून टाकता येतात ते यामुळेच.

## लघुगणकाचे नियम

म आणि न या धन संख्या असताना पुढील नियम लागू होतात.

1. लॉग_अ(म × न) = लॉग_अ(म) + लॉग_अ(न)
2. लॉग_अ(म ÷ न) = लॉग_अ(म) − लॉग_अ(न)
3. लॉग_अ(म^र) = र × लॉग_अ(म)
4. लॉग_अ(म) = लॉग_क(म) ÷ लॉग_क(अ) (पायाबदलाचा नियम)

यांतील 'म आणि न धन असताना' ही अट महत्त्वाची आहे. (−२) × (−८) = १६ असल्याने गुणाकाराचा लघुगणक अस्तित्वात आहे, पण −२ आणि −८ यांचे लघुगणक नाहीत. म्हणजेच पहिल्या नियमाची डावी बाजू अर्थपूर्ण असूनही उजवी बाजू निरर्थक असू शकते. बेरजेचा मात्र कोणताही नियम नाही. लॉग_अ(म + न) आणि लॉग_अ(म) + लॉग_अ(न) या सामान्यतः भिन्न राशी आहेत.

## लघुगणकी समीकरणे

ज्या समीकरणात अज्ञात संख्या लघुगणकाच्या कंसात किंवा त्याच्या पायात असते त्यास लघुगणकी समीकरण म्हणतात. प्रथम सर्व कंसांतील राशी कोठे धन आहेत ते ठरवावे, नंतर समीकरण सोडवावे आणि मिळालेली मुळे त्या अटींशी पडताळून पाहावीत.

व्याख्येचा थेट वापर. लॉग_३(२क्ष + १) = ४ असल्यास २क्ष + १ = ३^४ = ८१, म्हणून क्ष = ४०.

लघुगणकांची बेरीज. लॉग_२(क्ष) + लॉग_२(क्ष − २) = ३ या समीकरणात क्ष > ० आणि क्ष − २ > ० या दोन्ही अटी हव्यात, म्हणजे क्ष > २. पहिल्या नियमाने क्ष(क्ष − २) = ८ हे वर्गसमीकरण मिळते आणि त्याची मुळे ४ व −२ येतात. त्यांपैकी −२ अटीत बसत नाही, म्हणून क्ष = ४ हीच उकल. −२ हे मूळ आकडेमोडीतील चुकीने आलेले नाही. (−२) × (−४) = ८ असल्याने ते वर्गसमीकरणाचे खरे मूळ आहे. दोन लघुगणकांचा एक लघुगणक करताना 'दोन्ही राशी धन' ही अट सैल होऊन 'गुणाकार धन' एवढीच उरली आणि त्या वाटेने ते आत शिरले.

उकल निसटणे. लॉग_१०(क्ष^२) = २ या समीकरणात क्ष शून्य नसणे एवढीच अट आहे. क्ष^२ = १००, म्हणून क्ष = १० किंवा −१०. हेच समीकरण तिसऱ्या नियमाने २ × लॉग_१०(क्ष) = २ असे लिहिल्यास क्ष = १० एवढेच मिळते आणि −१० ही खरी उकल हरवते. येथे रूपांतराने अट अधिक कडक केली. खोटे मूळ पडताळणीत पकडले जाते, पण हरवलेले मूळ पडताळणीने परत मिळत नाही. म्हणून घात सम असल्यास केवलमूल्य वापरून २ × लॉग_१०|क्ष| असे लिहिणे योग्य ठरते.

नवे चल घेणे. (लॉग_१०(क्ष))^२ − ३ × लॉग_१०(क्ष) + २ = ० यात लॉग_१०(क्ष) = त मानल्यास त^२ − ३त + २ = ०, म्हणून त = १ किंवा २ आणि क्ष = १० किंवा १००. दोन्ही उकली ग्राह्य आहेत.

पायात अज्ञात. लॉग_क्ष(क्ष + ६) = २ यावरून क्ष^२ = क्ष + ६, म्हणून क्ष = ३ किंवा −२. पाया ऋण असू शकत नाही, म्हणून क्ष = ३.

काही समीकरणे बीजगणिताने सुटत नाहीत. क्ष चा नैसर्गिक लघुगणक = २ − क्ष या समीकरणाची डावी बाजू सतत वाढते व उजवी सतत घटते. त्यामुळे त्यास एकापेक्षा अधिक उकली असू शकत नाहीत. आलेखावरून किंवा क्रमशः अंदाज सुधारत गेल्यास ती उकल सुमारे १.५५७ आढळते.

## लघुगणकी असमता

असमता सोडवताना फलन वाढते आहे की घटते, हे आधी पाहावे लागते.

- अ > १ असल्यास: लॉग_अ(म) > लॉग_अ(न) म्हणजे म > न > ०
- ० < अ < १ असल्यास: लॉग_अ(म) > लॉग_अ(न) म्हणजे ० < म < न

लॉग_२(क्ष − १) < ३ या असमतेत ० < क्ष − १ < ८, म्हणून १ < क्ष < ९. डावीकडची शून्याची मर्यादा विसरल्यास उत्तर 'क्ष < ९' असे येते आणि त्यात ० किंवा −५ अशा संख्याही शिरतात, ज्यांसाठी मूळ असमतेला अर्थच नाही.

पाया १/२ असल्यास लॉग_(१/२)(क्ष − १) > ३ याचा अर्थ ० < क्ष − १ < १/८, म्हणून १ < क्ष < ९/८.

पायातच अज्ञात असल्यास दोन्ही शक्यता स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात. लॉग_क्ष(६ − क्ष) > १ यात क्ष > १ असल्यास ६ − क्ष > क्ष, म्हणजे क्ष < ३. ० < क्ष < १ असल्यास ६ − क्ष < क्ष, म्हणजे क्ष > ३, आणि हे गृहीताशी विसंगत आहे. म्हणून १ < क्ष < ३ हेच उत्तर.

### एक प्रसिद्ध हेत्वाभास

१/४ > १/८ हे खरे आहे, म्हणजेच (१/२)^२ > (१/२)^३. दोन्ही बाजूंचे सामान्य लघुगणक घेतल्यास २ × लॉग_१०(१/२) > ३ × लॉग_१०(१/२). आता दोन्ही बाजूंस लॉग_१०(१/२) ने भागल्यास २ > ३ असा विपरीत निष्कर्ष निघतो. दोष शेवटच्या पायरीत आहे. १ पेक्षा लहान संख्येचा सामान्य लघुगणक ऋण असतो (येथे सुमारे −०.३०१०), आणि ऋण संख्येने भागल्यावर असमतेचे चिन्ह उलटावे लागते.

## व्यवहारातील उदाहरणे

चक्रवाढ व्याज. द.सा.द.शे. ८ दराने, वर्षातून एकदा व्याज मुद्दलात मिळवले जात असल्यास रक्कम दुप्पट होण्यासाठी न वर्षांनंतर १.०८^न ≥ २ व्हावे लागते. लघुगणक घेऊन न ≥ लॉग_१०(२) ÷ लॉग_१०(१.०८), म्हणजे ०.३०१०३ ÷ ०.०३३४२, म्हणजे सुमारे ९.००६. '७२ ला व्याजदराने भागा' या व्यवहारातील ठोकताळ्याने ९ वर्षे येतात. प्रत्यक्षात ९ वर्षांअखेर १,००,००० रुपयांचे सुमारे १,९९,९०० रुपये होतात. व्याज वर्षाअखेरीसच जमा होत असल्याने दुप्पट रक्कम दहाव्या वर्षाअखेर ओलांडली जाते.

भूकंपाची महत्ता. महत्ता लघुगणकी श्रेणीवर मोजतात. महत्तेत १ ने वाढ झाल्यास मुक्त होणारी ऊर्जा सुमारे १०^(१.५), म्हणजे जवळपास ३२ पट होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी (लातूर) भूकंपाची महत्ता सुमारे ६.२ होती, तर २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपाची सुमारे ७.७. फरक १.५ चाच असला तरी ऊर्जेचे गुणोत्तर १०^(२.२५), म्हणजे सुमारे १८० येते. किल्लारीतील भूकंपात सुमारे दहा हजार माणसे दगावली. यावरून महत्तेचा आकडा ऊर्जेचे माप सांगतो, हानीचे नव्हे, हे दिसून येते.

आम्लता. सामू हा हायड्रोजन आयनांच्या संहतीच्या सामान्य लघुगणकाचे चिन्ह बदलून मिळतो. त्यामुळे सामू १ ने कमी होणे म्हणजे ही संहती दहापट वाढणे होय.

## इतिहास

नवव्या शतकातील जैन आचार्य वीरसेन यांच्या *धवला* या टीकाग्रंथात *अर्धच्छेद* ही संकल्पना आढळते. एखाद्या संख्येचे किती वेळा निम्मे करता येते, ती गणना म्हणजे अर्धच्छेद. २ च्या घातांसाठी तो २ या पायावरील लघुगणकाएवढाच असतो. तिनाने व चाराने भागण्यासाठी अनुक्रमे *त्रिकच्छेद* व *चतुर्थच्छेद* या संज्ञा आहेत. हिरालाल जैन यांनी संपादिलेल्या या ग्रंथाचे प्रकाशन १९३९ पासून अमरावती येथून सुरू झाले.

यूरोपात स्कॉटलंडच्या जॉन नेपिअर यांनी १६१४ मध्ये लघुगणकांची पहिली सारणी प्रसिद्ध केली. स्वित्झर्लंडच्या योस्ट ब्युर्गी यांनी स्वतंत्रपणे तयार केलेल्या सारण्या १६२० मध्ये छापल्या गेल्या. इंग्लंडचे हेन्री ब्रिग्ज यांनी नेपिअर यांची भेट घेतली आणि त्यांच्या चर्चेतून १० हा पाया पुढे आला. ब्रिग्ज यांनी १६२४ मध्ये १ ते २०,००० आणि ९०,००० ते १,००,००० या संख्यांचे १४ दशांश स्थळांपर्यंतचे लघुगणक प्रसिद्ध केले. मधल्या संख्यांची उणीव नेदरलँड्सच्या आड्रियान व्लाक यांनी १६२८ मध्ये १० स्थळांपर्यंत भरून काढली. लघुगणकाकडे घातांकी फलनाचे व्यस्त म्हणून पाहण्याची आजची पद्धत अठराव्या शतकात लेओनार्ड ऑयलर यांच्यामुळे रूढ झाली.

## लॉग सारणी

सामान्य लघुगणकाचे पूर्णांश व अपूर्णांश असे दोन भाग करतात. लॉग_१०(२) = ०.३०१० आणि लॉग_१०(२००) = २.३०१० यांत अपूर्णांश तोच आहे. केवळ दशांशचिन्हाचे स्थान बदलल्याने पूर्णांश बदलतो, म्हणून सारणीत फक्त अपूर्णांश दिलेला असतो. ०.०२ चा लघुगणक −२ + ०.३०१० असा लिहितात व पूर्णांश ऋण असल्याचे दाखवण्यासाठी २ च्या डोक्यावर आडवी रेघ देतात. संपूर्ण संख्या ऋण मानल्यास −२.३०१० होते, तर खरी किंमत −१.६९९० आहे. अशा गफलतीने उत्तर सुमारे चारपटीने चुकते. गणकयंत्रांमुळे सारण्यांचा सर्वसाधारण वापर मागे पडला असला, तरी महाराष्ट्रात बारावी विज्ञान शाखेच्या परीक्षांत लॉग सारणी वापरण्याची पद्धत दीर्घकाळ चालत आली आहे.

## हे सुद्धा पहा

- घातांकी फलन
- व्यस्त फलन
- वर्गसमीकरण
- चक्रवाढ व्याज