प्रमाणपत्रांची चळत आणि प्रवेशाची यादी

दहावीचा निकाल लागला की महाडच्या बाजारपेठेतील संगणक-केंद्रांपुढे आणि पोलादपूरच्या झेरॉक्सच्या दुकानांत जी गर्दी उसळते, तीत पालकांच्या हातातील प्लॅस्टिकच्या पिशवीत शाळा सोडल्याचा, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला यांच्या जोडीला अलीकडे आणखी एक जाडजूड चळत दिसू लागली आहे; तीत निबंधस्पर्धा असते, कराटे असते, वक्तृत्व असते, तालुकास्तरीय अमुक आणि आंतरशालेय तमुक असते. ही चळत दाखविली की प्रवेशाची वाट मोकळी होते, ही समजूत जितकी दृढ आहे तितकीच तिच्या उलटची, म्हणजे दहावी-बारावीच्या वर्षी मैदान आणि रंगपेटी यांना कुलूप घातले की गुण आपोआप वाढतात, ही समजूतही दृढ आहे. आणि गंमत अशी की पुष्कळ घरांत या दोन्ही समजुती एकाच छपराखाली सुखाने नांदतात.

पहिल्या समजुतीचे मूळ आपल्या मुलखात नाही. अमेरिकेतील शेकडो महाविद्यालये ज्या सामाईक अर्जाद्वारे प्रवेश देतात, त्यात विद्यार्थ्याने आपले दहापर्यंत उपक्रम नमूद करावयाचे असतात आणि प्रत्येकाचे वर्णन दीडशे अक्षरांच्या आत बसवावयाचे असते. त्याखेरीज निबंध आणि शिफारसपत्रे असतात, आणि हे सारे तेथील प्रवेश समिती वाचते. आपल्याकडेही पुण्याचे फ्लेम किंवा सोनिपतचे अशोका यांसारखी मोजकी खासगी विद्यापीठे निबंध आणि मुलाखत यांना महत्त्व देतात. मुंबई-पुण्याच्या नातलगांच्या तोंडून ही वार्ता सावित्रीच्या खोऱ्यात येऊन पोचते तेव्हा मात्र तिच्यातील ‘मोजकी’ हा शब्द वाटेत कोठेतरी गळून पडलेला असतो.

वस्तुस्थिती अशी की २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले, आणि जो शिरस्ता पूर्वी मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरता होता तो आता कापडे आणि उमरठच्या मुलांनाही लागू झाला. तेथे दहावीचे गुण, आरक्षणाचा प्रवर्ग आणि भरलेला पसंतिक्रम एवढ्यांवर यादी लागते. चळत उलटून पाहणारा कोणी मनुष्यच त्या व्यवहारात नाही. महाडच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालयात किंवा पोलादपूरच्या सुंदरराव मोरे महाविद्यालयात कला, वाणिज्य वा विज्ञान शाखेच्या पदवीला जावयाचे तर बारावीचे गुण पाहिले जातात. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात अभियांत्रिकीला जावयाचे तर सामाईक प्रवेश परीक्षेतील क्रम चालतो आणि बारावीला, खुल्या प्रवर्गासाठी, शास्त्र-गणिताच्या विषयांत ४५ टक्के मिळाले म्हणजे पात्रता पुरी होते. वैद्यकीयचा सारा कारभार नीटच्या ७२० गुणांवर आहे. यांपैकी कोणत्याही यादीत वक्तृत्वाचा रकाना नाही.

मग कला-क्रीडेचा काहीच उपयोग नाही काय? आहे, परंतु तो प्रवेशाच्या दारात नसून त्याच्या कितीतरी अलीकडे, गुणपत्रिकेतच, होऊन जातो, आणि हा भेद ध्यानात न आल्यामुळेच बहुतेक घोटाळे होतात. कला संचालनालयाच्या इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेत अ श्रेणी मिळविणाऱ्याला दहावीला ७, ब श्रेणीला ५ आणि क श्रेणीला ३ वाढीव गुण मिळतात. खेळाडूला स्पर्धेच्या स्तराप्रमाणे पायरीपायरीने, जास्तीत जास्त २५. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य आणि लोककला यांनाही शासननिर्णयात स्थान आहे. दरवर्षी शंभर टक्के मिळविणाऱ्या मुलांच्या ज्या बातम्या छापून येतात, त्यांतील पुष्कळांच्या मागे हेच गुण असतात. हा लाभ लहान नव्हे. मात्र बारावीला मिळालेले खेळाचे गुण प्रवेश परीक्षेच्या क्रमाला स्पर्शही करीत नाहीत, हे अभियांत्रिकीची स्वप्ने पाहणाऱ्या खेळाडूला वेळीच सांगितले पाहिजे.

आणि हे गुण चालत घरी येत नाहीत. खेळाडूचा प्रस्ताव मुख्याध्यापकांच्या सहीने अलिबागच्या जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कचेरीत जातो, तेथील शिफारशीनंतर वाशीच्या मुंबई विभागीय मंडळाकडे रुजू होतो, आणि हे सर्व मुदतीच्या आत व्हावे लागते. स्पर्धा मान्यताप्राप्त असावी लागते. खासगी क्लासने हॉल भाड्याने घेऊन भरविलेल्या ‘राष्ट्रीय’ स्पर्धेचे सोनेरी पदक, त्यासाठी बापाने मोजलेली फी कितीही असो, या दफ्तरात कवडीमोल ठरते. उलट, शिमग्याला आणि गणपतीत जो मुलगा रात्र रात्र जाखडी नाचतो, ढोलकीवर ज्याचा हात बसलेला आहे, किंवा गावच्या मैदानावर मोठ्यांच्या चढाया जो पायाला धरून परतवितो, त्याच्यापाशी खरी विद्या असते आणि कागद एकही नसतो. विद्या आणि कागद यांची गाठ घालून देणारा एखादा शिक्षक शाळेत असणे ही तालुक्याच्या ठिकाणी फार मोठी सोय होय, असे माझे मत आहे.

दुसऱ्या समजुतीविषयी बोलताना महाड तालुक्यातील नाते या गावाचे स्मरण होते. तेथे १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली, केंब्रिजला वनस्पतिशास्त्र घेतले, १९१८ साली आय.सी.एस. परीक्षेत अव्वल आले, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्षपदी बसले. आणि या सगळ्या काळात संस्कृत काव्य व बागकाम यांचा नाद त्यांनी सोडला नाही, मेघदूताचा मराठी अनुवादही केला. असामान्य माणसाच्या दाखल्यावरून सामान्यांसाठी नियम काढणे न्यायाचे नाही, हे मान्य. पण छंद जोपासला म्हणून बुद्धी बोथट होते, एवढे विधान तरी या एका चरित्राने निकालात निघते.

कुडपण किंवा देवळ्यासारख्या डोंगरातल्या गावच्या मुलाचा वेळ वस्तुतः खेळ खात नाही, तो एस.टी. खाते. ग्रामीण भागातील मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत पास फुकट मिळतो, पण संध्याकाळची मुक्कामाची गाडी चुकली तर त्या पासाने घर गाठता येत नाही. शाळा सुटल्यावरचा सराव तालुक्याच्या गावी राहणाऱ्या मुलांना परवडतो, इतरांना नाही. म्हणूनच आठवी-नववीत इंटरमिजिएट उरकून घेणे, दहावीला एकच खेळ ठेवणे आणि बाकीचे खुशाल सोडून देणे, हा तोल पाळणाऱ्याला तारांबळ करावी लागत नाही.

महाविद्यालयात गेल्यावर हिशेब पालटतो. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे शिबिर पुरे करावयाचे असते. मुंबई विद्यापीठाच्या नियमांत त्यासाठी, तसेच छात्रसेना व खेळ यांसाठी, १० सवलतीच्या गुणांची तजवीज आहे, आणि नव्या शैक्षणिक धोरणाने असे उपक्रम श्रेयांकांतच आणून बसविले आहेत. छात्रसेनेचे ‘सी’ प्रमाणपत्र तर सैन्याधिकाऱ्यांच्या विशेष भरतीचे दार उघडते. दिल्ली विद्यापीठ खेळ व कला यांसाठी काही अधिसंख्य जागा ठेवते, आणि मद्रासच्या आयआयटीने २०२४-२५ पासून प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन अधिक जागा दिल्या; पण तेथेही जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण होण्याची अट सुटलेली नाही.

जुलै २०२१ च्या महापुरात महाडची बाजारपेठ बुडाली आणि तळियेवर दरड कोसळली, त्यानंतर ज्या मुलांनी दुकानादुकानांतील चिखल उपसला, त्यांना त्याचे प्रमाणपत्र कोणी दिले असण्याचा संभव कमी आहे. परंतु उद्या त्यांच्यापैकी कोणी निबंध आणि मुलाखत घेणाऱ्या एखाद्या विद्यापीठाच्या दारी उभा राहिलाच, तर त्याने ती प्लॅस्टिकच्या पिशवीतली चळत बाजूला ठेवावी आणि त्या आठवड्याविषयी, जसे घडले तसे, लिहावे; कारण तेथे कागद मोजणारा कारकून नसतो, वाचणारा असतो.