दरोडापटाची मांडणी: तिजोरी, तोतया आणि उघडी रेल्वेलाइन

दरोडापटाच्या दिग्दर्शकाला आधी प्रेक्षकाला भूगोल शिकवावा लागतो. तिजोरी कोणत्या मजल्यावर आहे, पहारेकरी किती वाजता फेरी मारतो, पळण्याची गाडी कोणत्या गल्लीत उभी आहे, हे डोक्यात पक्के बसले नसेल तर ऐन चोरीच्या वेळी कोणाचाही जीव टांगणीला लागत नाही. टेबलावर पसरलेला नकाशा, खडूने काढलेली आकृती, इमारतीची छोटी प्रतिकृती हे प्रसंग या प्रकारात पुन्हा पुन्हा येतात ते यासाठीच. लेखकही एक संकेत बहुधा पाळतात. बेत पडद्यावर सविस्तर सांगितला असेल तर तो फसतो आणि झाकून ठेवला असेल तर तडीस जातो.

या मांडणीचा आदर्श म्हणजे ज्यूल्स दासँ यांचा ‘रिफिफी’ (१९५५). पॅरिसमधल्या जवाहिऱ्याच्या दुकानात चोर वरच्या घराची फरशी फोडून उतरतात. जवळजवळ अर्धा तास संवाद नाही, पार्श्वसंगीतही नाही. फरशीला पाडलेल्या भोकातून छत्री खाली सोडून उघडायची आणि पडणारा चुना-मातीचा चुरा तिच्यात झेलायचा, ही त्यातली युक्ती प्रसिद्ध आहे. धोक्याच्या घंटेचा आवाज दाबायला अग्निशामक नळकांड्यातला फेस वापरला जातो. कॅमेरा हात, हत्यारे आणि घामाजलेले चेहरे यांच्यापासून फारसा हलत नाही. चोरी इथे कारागिरी म्हणून दिसते आणि कारागिराला यश यावे असे प्रेक्षकाला आपसूक वाटू लागते.

हॉलिवूडने हीच सहानुभूती झगमगाटातून मिळवली. स्टीव्हन सोडरबर्ग यांच्या ‘ओशन्स इलेव्हन’मध्ये (२००१) उंची सूट, लास व्हेगासची रोषणाई आणि जॅझच्या तालावरचे संकलन चोरांच्या बाजूने वकिली करतात. त्यात तिजोरीची हुबेहूब प्रतिकृती उभारली जाते. ती सरावासाठी आहे असे वाटत राहते आणि तिचा खरा उपयोग अगदी शेवटी कळतो. प्रेक्षकाने पाठ केलेला भूगोलच त्याला चकवतो.

मुंबईतला दरोडापट मात्र तिजोरीपुढे उभा राहत नाही, तो सरकारी रुबाबामागे उभा राहतो. १९ मार्च १९८७ रोजी ऑपेरा हाउसजवळच्या त्रिभोवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर पडलेला ‘छापा’ हे त्याचे मूळ. एका तोतयाने वर्तमानपत्रात नोकरीची जाहिरात दिली, ताज हॉटेलात मुलाखती घेतल्या, निवडलेल्या उमेदवारांना सीबीआयचे लोक म्हणून दुकानात नेले आणि दागिने पिशव्यांत भरून तो निघून गेला. उमेदवार त्याची वाट पाहत दुकानातच थांबले. तो कधीच सापडला नाही. कुलूप फोडले नाही, भिंतही पोखरली नाही; सगळी चोरी वेशभूषा आणि आवाजाच्या जरबेवर झाली.

नीरज पांडे यांच्या ‘स्पेशल २६’ने (२०१३) हा प्रसंग घेतला आणि त्याची शैलीही त्याच मुशीतून घडवली. पांढऱ्या ॲम्बॅसिडर गाड्या, सफारी, फायली, काळे टेलिफोन अशा कळकट सरकारी वस्तू इथे व्हेगासच्या रोषणाईची जागा घेतात. खरे अधिकारी आणि तोतये जवळपास सारख्याच रंगांत, सारख्याच चालीने वावरतात, आणि कपड्यांवरून फरक करता न येणे हाच चित्रपटाचा मुद्दा आहे. टोळीत किशोर कदम यांचा साधा, घरगुती चेहरा त्यामुळे चपखल बसतो. ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांची माफी मागून सांगायला हवे की शेवटची चलाखी पूर्णपणे जागेची आहे. सगळ्यांचे डोळे शोरूमवर खिळलेले असताना खरे दागिने कारखान्यातून जातात.

मराठीत या प्रकाराचे नमुने थोडे आहेत. प्रियदर्शन जाधव यांचा ‘चोरीचा मामला’ (२०२०) चोराला एका बंगल्यात अडकवतो, पण त्याची मांडणी दरोडापटापेक्षा प्रहसनाच्या जवळची: कोण आत आले, कोण लपले, कोण कोणाला दिसले.

सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात मात्र कोणाही दिग्दर्शकाला खुणावेल अशी एक खरी घटना घडली आहे, आणि तिच्यात ना तिजोरी आहे ना तोतया. पुणे-मिरज लोहमार्गावर कराडच्या पुढे शेणोली लागते. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या, म्हणजे स्वातंत्र्यलढ्यात या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या समांतर सरकारच्या, तूफान सेनेने तिथे ब्रिटिश सरकारच्या नोकरांचे पगार नेणारी गाडी अडवली. नेतृत्व जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन रामभाऊ लाड यांचे होते. आधी रुळांवर दगड रचून गाडी थांबवली, मग शेवटच्या डब्यामागेही धोंडे टाकले, म्हणजे ती मागे जाऊ नये. हत्यारे म्हणजे विळे, काठ्या आणि दोन-तीन गावठी बॉम्ब.

चित्रीकरणाच्या दृष्टीने हा प्रसंग ‘रिफिफी’च्या अगदी उलट आहे. भिंती नाहीत, काळोखे भुयार नाही, फक्त उघड्या रानातली लोखंडी रेघ. १९०३च्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ने अशा मोकळ्या जागेत गाडी अडवण्याचे दृश्य दाखवले होते, पण शेणोलीत ताण गाडीच्या लांबीतच आहे. पुढचे दगड आणि मागचे धोंडे ही दोन टोके आलटून पालटून दाखवणारे संकलन इथे आपोआप सुचते. शिवाय प्रेक्षकाला आपल्या बाजूने वळवायला सूट-बूट किंवा जॅझ लागत नाही. पैसा कोणाचा आणि कशासाठी घेतला, एवढे कळले की पुरे.

अडचण निराळी आहे. दरोडापटाचा उत्तरार्ध बहुतेक वेळा वाटणीवरून पेटतो: कोणी फितूर होतो, कोणी जास्त मागतो. शेणोलीचा पैसा चळवळीकडे गेला, त्यामुळे हा भाग जवळजवळ गळूनच पडतो. पटकथाकाराला उत्तरार्ध बांधावा लागेल तो भूमिगतांच्या पुढच्या मुक्कामांवर, त्यांना भाकरी आणि आसरा देणाऱ्या वाड्यावस्त्यांवर, आणि १९४६ पर्यंत पोलिसांच्या हाती न लागलेल्या प्रतिसरकारच्या नेत्याच्या, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या, शोधावर.